पाहुणा डॉक्टर आणि जयपूरचे अजायबघर
(डॉ. टॉमस हॉल्बाइन हेंडली : 1847 – 1917)

॥ श्री गणेशाय नमः ॥

गणेशोत्सवाच्या निमित्ताने आपण चाकसू आणि परिसरातील मराठी मंडळी एकत्र येतो. स्मरणिकेत आपण बहुधा महाराष्ट्रातील थोर पुरुषांची चरित्रे वाचतो आणि ते योग्यच आहे. पण ज्या भूमीने आपल्याला पोटापाण्याला लावले, मुलांना शाळा दिल्या, शेजार दिला, त्या जयपूरच्या भूमीचेही आपण काही देणे लागतो. म्हणून यंदा एका अशा माणसाची ओळख करून देत आहे, जो आपल्यासारखाच नोकरीनिमित्त परगावाहून जयपूरला आला, आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे येथे राहिला आणि जाताना शहराला एक मोठा ठेवा देऊन गेला. त्यांचे नाव डॉ. टॉमस हॉल्बाइन हेंडली.

आपल्यापैकी बहुतेकांनी पाहुण्यांना घेऊन रामनिवास बागेतील अल्बर्ट हॉल संग्रहालय पाहिले आहे. पाहुणे घुमट पाहतात, कबुतरांबरोबर फोटो काढतात, आत जाऊन इजिप्तची ममी पाहतात आणि बाहेर येऊन कुल्फी खातात. पण ममीच्या आधी आणि नंतर जी काचेची कपाटे लागतात, त्यांतील निळ्या-फिरोजी बरण्या, सुरया, पितळी फुलदाण्या, बिदरी हुक्के, सोन्याची तार ठोकलेल्या ढाली कोणी आणि कशासाठी गोळा केल्या, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच डॉ. हेंडलींचे चरित्र आहे.

जयपुरात आगमन

हेंडलींचा जन्म 1847 साली झाला. वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते विशीतच इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले आणि हिंदुस्थानात आले. 1874 च्या सुमारास त्यांची नेमणूक जयपूर संस्थानात रेसिडेन्सी सर्जन म्हणून झाली. त्या वेळी गादीवर सवाई रामसिंह (दुसरे) होते. हा राजा मोठा हौशी आणि काळाच्या पुढे पाहणारा होता. शहरात नळाचे पाणी, गॅसचे दिवे, सार्वजनिक बाग, मुलींची शाळा अशा अनेक गोष्टी त्यांच्या कारकिर्दीत झाल्या. स्वतः कॅमेऱ्याने फोटो काढून धुणारा हा राजा होता! कारागिरांच्या मुलांसाठी त्यांनी कलाशाळाही काढली होती. जयपूरच्या निळ्या भांड्यांना, म्हणजे ज्याला आज सारे ब्लू पॉटरी म्हणतात तिला, खरे बळ याच शाळेने दिले. दिल्लीच्या भोला नावाच्या कारागिराकडून चूडामण आणि कालूराम या दोन भावांनी ही कला शिकून घेतली व नंतर शाळेत ती इतरांना शिकवली, असे जयपुरात सांगतात.

डॉक्टरसाहेबांचे रोजचे काम म्हणजे दवाखाने, रुग्णालय, साथीचे रोग. त्या काळी संस्थानातील डॉक्टरांना देवीची लस टोचण्याच्या कामावरही लक्ष ठेवावे लागे. ज्या रोगाला आपण मराठीत देवी म्हणतो, त्याच रोगाची माता म्हणजे आपल्या चाकसूच्या शील की डूंगरीवरील शीतलामाता. त्या डोंगरीवरचे मंदिर महाराजा माधोसिंहांनी बांधवले असे मानतात आणि तेथील पूजेचा मान कुंभार समाजाकडे आहे. डॉ. हेंडली याच माधोसिंहांच्या काळातले. म्हणजे एकीकडे राजा देवीला नवस बोलत होता आणि दुसरीकडे त्याचाच डॉक्टर लसीचा हिशेब ठेवत होता. दोन्ही एकाच वेळी, एकाच संस्थानात चालू होते.

डॉक्टरकी करता करता हेंडलींचा गावोगावच्या लोकांशी संबंध आला. कोण काय घालते, कोणत्या जातीची बाई कोणते दागिने वापरते, कोणता लोहार तलवारीच्या मुठीवर सोन्याचे काम करतो, याकडे त्यांचे बारकाईने लक्ष असे. रोग्याची नाडी पाहणारा हा माणूस हळूहळू कारागिरीची नाडी पाहू लागला.

संग्रहाची कल्पना

1876 साली इंग्लंडचे युवराज अल्बर्ट एडवर्ड जयपूरला आले. शहराला गुलाबी रंग दिल्याची गोष्ट आपण गाइडच्या तोंडून ऐकतो, ती याच भेटीची. 6 फेब्रुवारी 1876 रोजी त्यांच्या हस्ते अल्बर्ट हॉलची कोनशिला बसली. पण इमारतीचा उपयोग काय करायचा हे पक्के नव्हते. टाऊन हॉल करावा असे रामसिंहांच्या मनात होते. 1880 साली ते वारले आणि सवाई माधोसिंह (दुसरे) गादीवर आले. त्याच वर्षी हेंडलींनी नव्या महाराजांपुढे सूचना ठेवली की जयपूरच्या कारागिरांसाठी एक औद्योगिक कलांचे संग्रहालय असावे. महाराजांनी मान्यता दिली आणि 1881 साली छोट्या जागेत संग्रहालय सुरू झाले.

या सूचनेमागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. त्या वेळी विलायतेचा गिरणी माल आणि स्वस्त भांडी बाजारात येत होती. संस्थानिकांच्या महालांत युरोपी झुंबरे आणि चिनी मातीच्या बाहुल्या येऊन बसल्या होत्या. गिऱ्हाईक विलायती नमुना मागते म्हणून कारागीरही तसाच नमुना काढू लागले होते. आजोबांनी केलेला चांगला माल एक तर विकला गेला होता किंवा राजवाड्याच्या तोशाखान्यात कुलूपबंद होता. नातवाला तो पाहायलाच मिळत नसे. हेंडलींचे म्हणणे असे की कारागिराच्या डोळ्यासमोर उत्तम नमुना असला तर त्याचा हात बिघडणार नाही. म्हणून जुनी, निवडक वस्तू मिळवायची, ती काचेत ठेवायची आणि कारागिराला फुकट पाहू द्यायची. अस्सल वस्तू मिळत नसेल तर तिची चांगली नकल ठेवायची. इतर संग्राहक वस्तू दुर्मीळ म्हणून घेत, हेंडली ती कारागिराच्या उपयोगाची म्हणून घेत.

1883 चे प्रदर्शन

1883 च्या आरंभी जयपुरात मोठे औद्योगिक प्रदर्शन भरले. त्याची सगळी धुरा हेंडलींनी वाहिली. राजपुतान्यातील संस्थानांकडून आणि हिंदुस्थानच्या इतर भागांतून शस्त्रे, गालिचे, मीनाकाम, धातूची भांडी, मातीकाम मागवण्यात आले. पिढ्यान् पिढ्या बंद असलेल्या पेट्या त्या निमित्ताने उघडल्या. प्रदर्शनानंतर त्यांनी चार मोठ्या खंडांत त्याचा सचित्र वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यातील चौथा खंड विशेष महत्त्वाचा. अकबर बादशहाने महाभारताचे फारसी भाषांतर करवून घेतले होते. ‘रज्मनामा’ या नावाचा तो चित्रमय ग्रंथ जयपूर दरबाराकडे होता. त्यातील चित्रे हेंडलींनी या खंडात छापली. पुढे मूळ हस्तलिखित कित्येक दशके अभ्यासकांना पाहायला मिळत नव्हते. तेव्हा जगभरच्या विद्वानांना आधार होता तो याच खंडाचा.

या प्रदर्शनातील पुष्कळ वस्तू पुढे संग्रहालयाकडे आल्या. इमारतीचे काम सॅम्युअल स्विंटन जेकब या अभियंत्याने पूर्ण केले आणि 1887 साली अल्बर्ट हॉल संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुला झाला. जयपूरच्या गवंड्यांनी आणि पाथरवटांनी या इमारतीवर जुन्या राजवाड्यांतील नक्षीचे नमुने घडवले, त्यामुळे इमारत हाच संग्रहाचा पहिला नमुना ठरली. ओवऱ्यांच्या भिंतींवर रज्मनाम्यातील प्रसंग रंगवले गेले आणि आपल्या अजिंठ्याच्या चित्रांच्या नकलाही तेथे आल्या. पुढच्या वेळी गेलात तर वर मान करून जरूर पाहा.

त्याच वर्षी रुडयार्ड किपलिंग हा तरुण बातमीदार राजपुतान्यात फिरत जयपूरला आला. याचा जन्म मुंबईचा, वडील जे. जे. कलाशाळेत शिक्षक. त्याची जीभ मोठी तिखट होती. पण आपल्या प्रवासलेखांत त्याने या संग्रहालयाची मनापासून तारीफ केली आणि बाकीच्या संग्रहालयांनी यापासून धडा घ्यावा असे सुचवले.

बरणी, सुरई आणि फुलदाणी

आता त्या कपाटांकडे वळू. हेंडलींनी मातीकामाचा जो संग्रह केला त्यात इराणी धाटणीची भांडी आहेत, मुलतान-सिंधची निळी कामे आहेत, दिल्ली-जयपूरची आहेत आणि मुंबईच्या कलाशाळेतील मातीकामही आहे. जे. जे. कलाशाळेत जॉर्ज टेरी यांनी 1870 च्या दशकात मातीकामाचा विभाग उभा केला. तेथील भांड्यांवर सिंधी झिलई आणि अजिंठ्याची नक्षी यांचा मेळ घातलेला दिसतो. म्हणजे जयपूरच्या कपाटात आपले महाराष्ट्राचेही काहीतरी आहे!

ही सारी भांडी शेजारी शेजारी ठेवण्यात एक गोष्ट दडलेली आहे. चीनमधून पांढरीशुभ्र पोर्सेलीनची भांडी अरबस्तान व इराणात येऊ लागली, तेव्हा तेथील कुंभारांना तशी भांडी करायची होती, पण तशी पांढरी माती त्यांच्याकडे नव्हती. नवव्या शतकात इराकमधील कारागिरांनी साध्या मातीच्या भांड्यावर कथिल घातलेली पांढरी झिलई चढवून काम भागवले. पुढे बाराव्या शतकाच्या सुमारास इराणी कारागिरांनी निराळीच युक्ती काढली. गारेचा दगड दळून त्याचे पीठ करायचे, त्यात काचेची पूड आणि थोडी पांढरी माती मिसळायची आणि त्याचे भांडे घडवायचे. त्यावर कोबाल्टचा निळा आणि तांब्यापासून होणारा फिरोजी रंग असा काही खुलतो की पाहत राहावे.

जयपूरची ब्लू पॉटरी याच घराण्यातली. तिच्यात नेहमीची कुंभाराची माती नसतेच. गारेचे पीठ, काच, सज्जीखार, कतिरा डिंक आणि थोडी मुलतानी माती यांचा गोळा करतात. या गोळ्याला लवचिकपणा नसल्यामुळे चाकावर मोठे भांडे उठत नाही. ते साच्यात भागाभागाने करून जोडतात, वर पांढरा थर देतात, मग रंगकाम आणि झिलई आणि शेवटी एकदाच भट्टी. भट्टीत चूक झाली तर दुरुस्ती नाही. चाकसूचा कुंभार एका बैठकीत चाकावर माठ उतरवतो. ब्लू पॉटरीच्या कारागिराला तेवढ्याच आकाराच्या बरणीसाठी कित्येक दिवस थांबावे लागते. टोंक रोडने जयपूरला जाताना सांगानेरला या कामाचे कारखाने लागतात. तेथे उभे राहून हे काम पाहिले की अल्बर्ट हॉलमधील इराणी बरणीशी त्याचे नाते चटकन ध्यानात येते.

धातूच्या भांड्यांचेही तसेच. बिदरच्या कारागिराचे भांडे जस्ताचे, त्यात थोडे तांबे. पृष्ठभागावर नक्षी कोरून तीत चांदीची तार किंवा पत्रा बसवतात आणि मग बिदरच्या किल्ल्यातील विशिष्ट माती व नवसागर यांच्या पाण्याने भांडे काळे करतात. जस्त काळे पडते, चांदी तशीच चमकत राहते. कोफ्तगिरीत पोलादावर आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून पृष्ठभाग खरखरीत करतात आणि सोन्याची तार त्यावर हातोडीने ठोकून बसवतात. या कलेवर हेंडलींनी 1892 साली स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याआधी 1886 साली जेकब यांच्याबरोबर जयपूरच्या मीनाकामावर आणि 1888 साली अलवरच्या कलावस्तूंवर त्यांची पुस्तके निघाली होती. दिवसा दवाखाना आणि उरलेल्या वेळात हे लेखन!

त्यांनी केवळ राजेरजवाड्यांच्या वस्तू जमवल्या असे मात्र नाही. खेड्यातील बायकांचे पितळेचे, काशाचे, लाखेचे स्वस्त दागिनेही त्यांनी त्याच आस्थेने मिळवले आणि पुढे भारतीय दागिन्यांवर विस्ताराने लिहिले. सोन्याचा हार कोणीही जपून ठेवतो, पण पितळेचा तोडा मोडीत जातो. तो जपला म्हणून आज शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची ढूंढाडची शेतकरीण कशी नटत होती हे आपल्याला कळते.

दुसरी बाजू

चरित्र लिहिताना आरती ओवाळून भागत नाही. हेंडली हे इंग्रज सरकारचे अधिकारी होते. शुद्ध हिंदी नमुना कोणता आणि बिघडलेला कोणता, हे ठरवण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतला. कारागिराला गिऱ्हाइकाच्या आवडीने नवे काही करून पाहावेसे वाटले, तर तेही कधी कधी बिघाडात जमा झाले. वस्तूवर गावाचे नाव आले, संस्थानाचे आले, मालकाचे आले, पण ज्याने ती घडवली त्याचे नाव बहुतेक ठिकाणी आलेच नाही. एका वेळी जी भांडी गल्लीत, पंगतीत आणि देवघरात वावरत होती, ती काचेमागे गेली. या गोष्टी नाकारता येणार नाहीत.

पण त्याच काळात हिंदुस्थानातून किती वस्तू जहाजावर चढून लंडनला गेल्या हे आठवले, म्हणजे जयपूरचा संग्रह जयपुरातच राहिला याचे मोल कळते. येथला कारागीर चालत जाऊन तो पाहू शकत होता आणि आजही पाहू शकतो. डॉक्टरसाहेब जयपूर सोडून गेले, पुढे मायदेशी परतले. कपाटे मात्र येथेच राहिली. 1917 साली हेंडलींचे निधन झाले. योगायोग असा की त्यांचे जोडीदार जेकब हेही त्याच वर्षी गेले.

14 ऑगस्ट 2020 रोजी जयपुरात प्रचंड पाऊस झाला आणि अल्बर्ट हॉलच्या तळघरात पाणी शिरले. कर्मचाऱ्यांनी काचेची पेटी फोडून ममी वेळेत बाहेर काढली, पण पुष्कळ कागदपत्रे भिजली. नंतर ती उन्हात वाळवताना अनेकांनी पाहिली. संग्रह करणे हे एका माणसाचे काम असेल, पण तो टिकवणे हे पिढ्यांचे काम असते, हे त्या दिवशी पुन्हा दिसले.

आपण काय घ्यावे

आपल्या पुण्यात डॉ. दिनकर केळकरांनी असेच काम केले. घरचा चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून, ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करून त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, कुंकवाचे करंडे असे वीस हजारांवर जिन्नस गोळा केले आणि लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते संग्रहालय समाजाला देऊन टाकले. एक इंग्रज डॉक्टर आणि एक पुणेकर कवी, दोघांत साम्य काही नाही. पण रोजच्या वापरातील वस्तूमागे कोणाचा तरी हात असतो, ही जाणीव दोघांकडेही होती.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीचे तांब्याचे घंगाळ, पितळेची समई, लोणच्याची चिनी मातीची बरणी, एखादी गुलाबदाणी गावाहून आलेली असते. बदलीच्या वेळी ओझे नको म्हणून ती मोडीत जाते. तसे करण्यापूर्वी निदान एक करावे. घरातील मोठ्यांना विचारून ती वस्तू कोणी घेतली, कोणत्या गावची, कशासाठी वापरत, एवढे एका वहीत लिहून ठेवावे. फोटो काढावा. हेंडलींनी मोठ्या प्रमाणावर केले ते हेच.

कोणाला जुन्या वस्तू विकत घेण्याची हौस असेल तर थोडी सावधगिरी हवी. जयपूरच्या बाजारात गेल्या महिन्यात घडवलेली फुलदाणी रसायनाने काळवंडून दोनशे वर्षांची म्हणून विकली जाते. घेण्यापूर्वी भांड्याचा तळ आणि आतली बाजू पाहावी. खरी झीज जेथे हात लागतो आणि जेथे भांडे टेकते तेथेच असते, सगळीकडे सारखी नसते. शिवाय 1972 च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी असलेल्या नातेवाइकांना भेट देताना हे ध्यानात ठेवावे. त्यापेक्षा सांगानेरच्या कारागिराकडून नवी, चांगली बरणी घ्यावी आणि त्याचे नाव विचारून घ्यावे. जुन्या वहीत जे नाव लिहायचे राहिले ते आपण लिहू शकतो.

आपण येथे नोकरीसाठी आलो. काही जण निवृत्तीनंतर परत जातील, काही येथेच राहतील. डॉ. हेंडलीही पाहुणेच होते. पण पाहुणचार घेऊन ते नुसते निघून गेले नाहीत. मूर्तीचे विसर्जन झाल्यावर पुढच्या रविवारी मुलांना घेऊन एकदा अल्बर्ट हॉलला जाऊ या. ममी पाहूच, पण त्या आधी निळ्या बरणीसमोर दोन मिनिटे उभे राहू या.

विद्या आणि कला यांचा अधिपती असलेला श्रीगणेश आपल्या हातूनही या भूमीसाठी काही चांगले घडवून आणो, हीच त्याच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!